नदीची हद्द, कागदाची हद्द

20 जून 1991 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून जास्तीत जास्त 500 एकर जागा आणि तालुक्याच्या सीमेभोवती 25 किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा. शेजारची तलासरी या पट्ट्यात येते. पुढे 31 ऑक्टोबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि 19 डिसेंबरला न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. औष्णिक वीज केंद्र, चिकूच्या वाड्या, वाढवण बंदर यांच्या निमित्ताने हे दप्तर अनेकांनी चाळले. ओढ्यातल्या माशांचा माग काढायचा असेल तर मात्र ते अपुरे पडते. अधिसूचनेचा विषय कारखाना कुठे उभा राहावा हा आहे. तळ्यात कोणते बीज पडावे हा नाही. ती नोंद दुसऱ्या दप्तरात, मत्स्यखात्याच्या.

तिथे पहिली ठळक तारीख 1952. त्या वर्षी बँकॉकहून मोझांबिक तिलापिया तमिळनाडूतल्या मंडपमला आणला गेला. हेतू साधा होता: स्वस्त मासा, भराभर वाढणारा. 1959 मध्ये मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. म्हणजे आगमन आणि पश्चात्ताप यांत अवघी सात वर्षे. पण हा मासा दोन-तीन महिन्यांचा झाला की विणीला येतो, आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. मनाई सोडणाऱ्या हातांना होती. एकदा पाण्यात पडलेल्या माशाला कोणाच्या परवानगीची गरज उरली नव्हती. 1959 नंतर तो गावोगावच्या पाण्यात कसा पोहोचला, याचे उत्तर आदेशांत शोधण्यात अर्थ नाही. इथून पुढे अनुमान: कटला-रोहूच्या बीजात मिसळून, पुरात तळी फुटून. उजनी जलाशयात आज हा तिलापिया, तिथल्या बोलीत ‘चिलापी’, किती आहे ते भिगवणच्या बाजारात पाहावे.

आफ्रिकन मांगूर तर परवानगीशिवायच, बांगलादेशमार्गे आला. 1997 मध्ये केंद्राने तो नष्ट करण्याचे निर्देश दिले, नंतर बंदी घातली. तरी 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी शोधून बुजवावी लागली.

तिसरे दप्तर आरोग्यखात्याचे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून 1928 मध्ये इटलीहून गांबुझिया आणला. त्याच कामासाठी आजही गप्पी पाळून पाण्यात सोडले जातात, तेही परके, मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मत्स्यखात्याच्या मनाईच्या यादीत त्यांना शोधू नये. ते औषध म्हणून आले आहेत.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत बोलकी वाटते ती एक आनंदाची नोंद. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज आता नदीतून गोळा करण्याची गरज राहिली नाही. देशातला जवळपास प्रत्येक जलाशय त्यांच्यासाठी खुला झाला. कागदोपत्री हे मासे देशी. पण त्यांची मूळ नदी गंगा-ब्रह्मपुत्रेकडची. डहाणूतून वाहणाऱ्या सूर्येला किंवा तलासरीच्या वरोळीला ते तितकेच परके आहेत जितका तिलापिया, फक्त स्वभावाने सौम्य. खात्याने हद्द देशाची धरली. माशाची हद्द नदीचे खोरे असते.

1991 च्या अधिसूचनेचीही गत काहीशी तीच. तिने हद्द तालुक्याची धरली. सूर्येवरचे धामणी धरण तालुक्याबाहेर, वरच्या अंगाला. आणि धरण म्हणजे कारखाना नव्हे. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात, त्या वलगणीला बांध अडवतो. बांधामागे थांबलेले पाणी वाहत्या पाण्यातल्या माशाला मानवत नाही, तिलापियाला मानवते. एका बाजूला अडवणूक, दुसऱ्या बाजूला आयती जागा, आणि वर चढत्या, अजून न विणलेल्या माशांची धरपकड. तीन कारणे एकाच पाण्यात काम करतात. कुठल्या कारणाने किती मासे गेले, हे वेगळे करायला एका खात्याचे दप्तर पुरत नाही. जलाशयांच्या मासेमारी ठेक्याच्या फायलींत कोणत्या वर्षी किती बोटुकली सोडली ते लिहिलेले असते. ते आकडे धरणाच्या वर्षांशेजारी आणि आरोग्यखात्याच्या गप्पीच्या नोंदींशेजारी, तालुकानिहाय नव्हे तर ओढ्यानिहाय मांडावे लागतील.