काशीच्या घरांतील पांढरा चुना

अहल्याबाईंनी १७८० साली विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. त्या शतकात दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे मराठी घराणी स्थिरावली. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद की, खालच्या खोल्यांना उजेड मिळे तो मधल्या चौकातूनच. म्हणून भिंतींना पांढरा चुना. त्यात चिमूटभर नीळ. कवडसा भिंतीवरून भिंतीवर परावर्तित होत आत पोचे. गडद रंगाने तो वाटेतच गिळला असता. उन्हाळ्यात काळोखच हवासा वाटतो, हेही खरे! परंतु चुन्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा: तो भिंतीची ओल बाहेर पडू देतो. १९७८ च्या पुरात गंगा ७३.९०१ मीटरांवर चढली होती, हे विसरून हल्ली कोणी हौसेने गडद तैलरंग देतात. ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटू लागतात.