कवायत : रांगेकडून खेळाकडे

‘कवायत’ हा शब्द आपण सारे शाळेच्या पटांगणावर शिकलो. सकाळची घंटा, उंचीप्रमाणे लावलेल्या रांगा, हातभर अंतर आणि मास्तरांचा ‘सावधान!’ हा खणखणीत पुकारा, एवढे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते. त्याचे मूळ मात्र सहसा कुणी शोधीत नाही. अरबी भाषेत ‘कायदा’ म्हणजे नियम आणि ‘कवाइद’ हे त्याचे अनेकवचन. म्हणजे मुळात कवायत म्हणजे नियमच! मग लहान मुलांना व्यायामाच्या तासाला नियम शिकवायचे ते नेमके कुणासाठी? मुलांसाठी, की त्यांच्याकडे पाहणाऱ्या मोठ्यांसाठी? इंग्लंडमधील प्राथमिक शाळांना या प्रश्नाचा उलगडा होण्यास सुमारे साठ वर्षे लागली. तो इतिहास पालकांनी व शिक्षकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

१८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या मुलांसाठी जागोजागी शाळा निघाल्या. वर्ग तुडुंब भरलेले, पटांगणे तोकडी आणि मुले शिस्तीला सर्वस्वी नवखी. १८७१ च्या सरकारी नियमावलीने त्यावर एक उपाय काढला. आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, वर्षातून वीस आठवडे, मुलग्यांची लष्करी कवायत शाळेच्या हजेरीत धरण्यास तिने मुभा दिली. शिकवायला पलटणीतले सार्जंट येत. त्यांचा मेहनताना दिवसाला सहा पेन्स आणि पायपिटीबद्दल मैलाला एक पेनी! स्वस्तातला हा सौदा होता. त्यातून मुलांनी शिकायचे ते एवढेच की, हुकूम होताच हलावे आणि हुकूम होताच थांबावे.

दुसरी वाट स्वीडनमधून आली. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची राजमान्य संस्था स्थापन केली होती. तेथे शिकलेल्या मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या बाईंची १८८१ साली लंडनच्या स्कूल बोर्डाने नेमणूक केली. त्यांनी शेकडो शिक्षिकांना नवी पद्धत शिकविली. या पद्धतीतही नियम होते आणि ते काटेकोर होते. परंतु प्रत्येक नियमामागे शरीराचे काही कारण असे. आरंभी हलक्या हालचाली, मध्ये श्रमाच्या आणि शेवटी श्वास शांत करणाऱ्या, असा तासाचा क्रम ठरलेला असे. तो हुकमासाठी नव्हता. मुलाच्या हृदयाला आणि स्नायूंना तो मानवत असे.

तरीही लष्कराचा मोह सुटला नाही. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात भरतीस आलेले कितीतरी तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले आणि सरकार हादरले. १९०२ साली युद्धखात्याच्या सल्ल्याने शाळांसाठी एक नमुना अभ्यासक्रम निघाला. सैनिकांच्या कवायतीवर बेतलेला तो अभ्यासक्रम सात वर्षांच्या पोरालाही लागू होता! शिक्षकांकडून व जाणकारांकडून टीकेचा भडिमार झाला. मुलाचे वय आणि मुलगा-मुलगी हा भेदच त्यात विचारात घेतलेला नाही, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. १९०४ साली त्याच्या जागी नवा अभ्यासक्रम आला. याच सुमारास आणखी एक सत्य उघडे पडले. रांगेत डुलणारे पोर दर वेळी बेशिस्त नसते. कधी ते उपाशी असते. १९०६ च्या कायद्याने शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली आणि १९०७ च्या कायद्याने मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली.

पुढची पावले धिमी पण निश्चित होती. शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन यांच्या देखरेखीखाली १९०९ साली अभ्यासक्रम सुधारला गेला. त्यात साधे खेळ आणि नाचाची पावले आली. १९१९ साली सात वर्षांखालील बालकांचा स्वतंत्र विचार झाला आणि शिक्षकाला अधिक मोकळीक मिळाली. १९३३ च्या अभ्यासक्रमात वर्ग लहान गटांत वाटलेला दिसतो. प्रत्येक गटाला आपला नायक आणि आपले साहित्य. नियम राहिले होतेच. मात्र त्यांची राखण करण्यात आता मुलांचाही वाटा होता.

आपल्याकडेही हा विचार पोहोचला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले, तर १९३८ साली मुंबईजवळ कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तथापि ‘ड्रिल मास्तर’ हे नाव आणि त्यामागचा धाक आपल्या शाळांतून फार काळ टिकून राहिला.

या इतिहासाचा अर्थ नियम नकोत असा नव्हे. शिट्टी वाजताच थांबायचे ठाऊक नसेल, तर दोन पोरे धावता धावता एकमेकांवर आदळतील. आपली पाळी कधी येणार हे कळत नसेल, तर दांडगे तेवढे खेळतील आणि अशक्त मूल भिंतीशी उभे राहील. उभे राहण्याची ठरलेली जागा, थांबण्याची एकच खूण, चेंडू परत ठेवण्याची टोपली, अशा दोन-चार सवयी रोज त्याच क्रमाने गिरविल्या की बालकाला धीर येतो. पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असते. रांग सरळ दिसावी म्हणून केलेला नियम पाहुण्यांना सुखावतो. दुबळ्या मुलालाही खेळता यावे म्हणून केलेला नियम त्या मुलाला घडवितो. शाळेच्या वार्षिक क्रीडादिनी आपण टाळ्या वाजवितो, त्या वेळी भिंतीशी कुणी एकटे उभे नाही ना, एवढे मात्र पाहावे.