जहाजांच्या सुरक्षेची ‘आयएसपीएस’ संहिता

परदेशातून आलेले मालवाहू जहाज मुंबई बंदरातील इंदिरा गोदीत लागले, की शिडीवरून वर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवणे जहाजावरील पहारेकऱ्याला बंधनकारक असते. गोदी कामगार असो वा कंपनीचा अधिकारी, नियम एकच. हा पहारा ‘आयएसपीएस’ या जहाज व बंदर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा भाग आहे.

अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या लंडन येथील परिषदेने डिसेंबर २००२ मध्ये ही संहिता स्वीकारली. १ जुलै २००४ पासून ती लागू झाली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी प्रवासी जहाजे, ५०० ग्रॉस टन व त्याहून मोठी मालवाहू जहाजे आणि ती हाताळणारी बंदरे तिच्या कक्षेत येतात. भारतात अंमलबजावणी नौवहन महासंचालनालयाकडे सोपवण्यात आली. त्या वेळी त्याचे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमधील ‘जहाज भवना’त होते.

तयारीचे टप्पे ठरलेले आहेत. कंपनीने किनाऱ्यावर आणि प्रत्येक जहाजावर सुरक्षा अधिकारी नेमायचा. शिडी, ब्रिज, इंजिनरूम, मालाचे कप्पे अशा ठिकाणांची पाहणी करून कच्चे दुवे शोधायचे. त्यावरून धोक्याच्या तीन पातळ्यांसाठी सुरक्षा आराखडा तयार करायचा. हा आराखडा गोपनीय असतो. संकटकाळी जहाजावर कोणताही गाजावाजा न होता किनाऱ्याला इशारा देणारी यंत्रणा बसवावी लागते. त्यानंतर तपासणी होऊन जास्तीत जास्त पाच वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. ते टिकवण्यासाठी किमान तीन महिन्यांतून एकदा सराव आवश्यक असतो. प्रमाणपत्र नसलेले जहाज परदेशी बंदरात अडवले जाऊ शकते किंवा त्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

या व्यवस्थेची मर्यादा मुंबईनेच अनुभवली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी ‘कुबेर’ या अपहृत मच्छीमार नौकेतून शहराजवळ आले आणि रबरी होडीने कफ परेडच्या मच्छीमार नगर किनाऱ्याला लागले. या दोन्ही नौका संहितेच्या कक्षेबाहेरच्या होत्या. त्यानंतर २००९ मध्ये प्रादेशिक सागरी हद्दीतील किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे सोपवण्यात आली. मोठ्या जहाजांसाठी संहिता कायम असली, तरी लहान नौकांवरील देखरेखीची व्यवस्था स्वतंत्रपणेच उभारावी लागते.