ओल धरून ठेवणारे वस्त्र : वापरून टाकायच्या डायपरचा इतिहास

सुती कापड पाणी चटकन पिते, पण दाब पडताच ते सोडूनही देते. धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणधर्मामुळे, शिरते. परंतु तेथे त्याला बांधून ठेवणारे दुसरे काही नसल्याने बाळ बसले किंवा कुशीवर वळले की तेच पाणी कातडीकडे आणि अंथरुणाकडे परतते. जुन्या धोतराच्या वा लुगड्याच्या मऊ तुकड्यांचे त्रिकोणी लंगोट आणि अंथरुणावर मेणकापड ही मराठी घरांतली व्यवस्था असो, किंवा चौकोनी कापडाची घडी सेफ्टी पिनेने अडकवण्याची युरोप-अमेरिकेतली रीत असो, दोहोंची मर्यादा हीच होती. मराठी घरांनी त्यावर लंगोट ओला होताच बदलण्याचा आणि बाळाला पुष्कळ वेळ उघडे ठेवण्याचा उपाय योजला, तर थंड हवेच्या पाश्चात्त्य देशांत कापडावरून रबरी चड्डी घालण्याची चाल पडली. या चड्डीने कपडे कोरडे राहिले, पण आतली वाफ कोंडली जाऊन बाळाची कातडी शिजल्यासारखी लाल होऊ लागली. ओल बाहेर येऊ द्यायची नाही, कातडीपाशीही राहू द्यायची नाही आणि हवा मात्र अडवायची नाही, या परस्परांशी भांडणाऱ्या तीन अपेक्षा एकाच वस्त्राने पुऱ्या करायच्या, हाच पुढील अर्धशतकाच्या संशोधनाचा खरा प्रश्न होता.

कापडाऐवजी कागदाकडे वळण्याची पहिली निकड युद्धाने निर्माण केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये कापसाची टंचाई झाली, परंतु लाकूड मुबलक होते; तेव्हा पाउलिस्ट्रम येथील कागद गिरणीने लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या पातळ मऊ कागदाचे अनेक पदर एकावर एक रचून, रबरी चड्डीत ठेवायची आणि ओली झाल्यावर फेकून द्यायची घडी तयार केली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने, तिसऱ्या अपत्याच्या वेळी लंगोट धुण्याला कंटाळून, १९४७ च्या सुमारास जुन्या हवाई छत्रीच्या नायलॉनची चड्डी शिवली आणि तिच्यात कापूस व लगद्याची घडी बसवली. ‘पॅडी’ या नावाने ओळखली गेलेली ही चड्डी त्यांनी आधी परिचित कुटुंबांसाठी घरीच शिवून दिली, आणि नंतर चेस्टरफील्डच्या रॉबिन्सन अँड सन्स या कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले. त्याच सुमारास अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराच्या पडद्याचे कापड कापून, पिनेऐवजी दाबबटणे लावून ‘बोटर’ नावाचे आवरण केले, ते १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू या दुकानात विक्रीस आले आणि १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आतली घडीही कागदाची करावी, असा त्यांचा पुढचा विचार होता, पण तो ज्यांच्यापुढे मांडला त्या कारखानदारांना त्यात काही दम दिसला नाही. या दोन्ही स्त्रियांचे ऋण डायपरच्या इतिहासात बहुधा एका ओळीत आटोपले जाते, आणि तो अन्याय आहे. कारण बाहेरचे आवरण, सुटसुटीत बंद आणि बदलायची आतली घडी, ही तिहेरी रचना प्रयोगशाळेने नव्हे, तर रोज लंगोट धुणाऱ्या हातांनी ठरवलेली आहे.

मोठ्या भांडवलाने हा प्रश्न १९५६ नंतर हाती घेतला. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीतील रसायन-अभियंते व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे लंगोट बदलताना या कामाचा तिटकारा आला, आणि त्यांनी आपल्या गटाला वापरून टाकण्याजोगी वस्तू शोधण्यास सांगितले. कंपनीने १९५७ मध्ये चारमिन ही कागद गिरणी विकत घेतल्यामुळे लगद्याचे ज्ञानही हाताशी आले. त्यांचा पहिला नमुना प्लास्टिकच्या चड्डीत ठेवायच्या चुण्यांच्या घडीचा होता आणि त्याची परीक्षा टेक्सासमधील डॅलस शहरात ऐन उन्हाळ्यात झाली. त्या उष्म्यात प्लास्टिकच्या चड्डीने बाळांचे हाल झाले व पालकांनी नमुना साफ नाकारला. हे अपयश उपकारक ठरले, कारण त्यानंतर स्वतंत्र चड्डीची कल्पनाच सोडून, आतले अस्तर, मधला कागदी गाभा आणि पाठीमागचा पातळ प्लास्टिक पापुद्रा असा एकसंध तुकडा तयार करण्यात आला. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे बहुतांशी हाताने जुळवलेले असे सुमारे ३७,००० नग वापरून पाहण्यात आले आणि या वेळी पालकांचा कौल अनुकूल पडला.

पुढची अडचण किमतीची होती. १९६१ च्या डिसेंबरात इलिनॉय राज्यातील पिओरिया शहरात ‘पॅम्पर्स’ नावाने हे डायपर नगाला १० सेंटला विकायला ठेवले, तेव्हा वस्तू आवडूनही घरे ती घेईनात, कारण लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या धुलाई कंपन्यांचा दर याहून बराच कमी होता आणि घरची धुलाई तर त्याहूनही स्वस्त पडत होती. किंमत ६ सेंटपर्यंत उतरवायची तर मिनिटाला शेकडो नग जोडणारे यंत्र हवे होते. पदर कापणे, गोंद लावणे, घडी घालणे आणि मोजून बांधणे ही कामे एकाच धावत्या पट्ट्यावर आणणारे ते यंत्र बनवणे, हे संबंधितांच्या मते डायपरच्या आराखड्याहूनही अवघड होते. वस्तूचा आराखडा आणि तिची यंत्रणा यांचा असा निकट संबंध या व्यवसायात आजवर टिकून आहे.

१९७० च्या दशकात कागदाच्या पदरांची जागा पिंजलेल्या लगद्याने घेतली, पिना जाऊन चिकटपट्ट्या आल्या, आणि मांड्यांपाशी निमुळता होणारा आकार व तेथली लवचीक किनार रूढ झाली. किंबर्ली-क्लार्कने १९७८ मध्ये आणलेल्या ‘हगीज’चे यश मुख्यतः या अंगाला बसणाऱ्या घडणीचे होते. गाभा मात्र कापसाच्याच धर्माचा राहिला. लगदा कितीही जाड घातला तरी दाबाखाली तो ओल सोडतच होता, आणि जाडी वाढवावी तशी बाळाची चाल फेंगडी होत होती.

या कोंडीतून सुटका झाली ती शेतीच्या प्रयोगशाळेतून. ज्या पिओरिया शहरात पॅम्पर्सची विक्री फसली, त्याच शहरात अमेरिकेच्या कृषी खात्याची उत्तर विभागीय संशोधन प्रयोगशाळा होती, आणि मक्याच्या वाढत्या पिकाला नवे उपयोग शोधणे हे तिचे एक काम होते. तेथील संशोधकांनी मक्याच्या स्टार्चवर अॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या कलम करून, नंतर त्यांवर अल्कलीची प्रक्रिया करून असा पदार्थ मिळवला, की तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषून लापशीसारखा फुगत असे. ‘सुपर स्लर्पर’ या नावाने तो प्रसिद्ध झाला, आणि बियाण्यांना लेप देणे, हलक्या जमिनीत ओलावा टिकवणे असे त्याचे उपयोग मुख्यतः डोळ्यांपुढे होते. समांतरपणे १९६६ मध्ये डाऊ केमिकलचे बिली जीन हार्पर आणि जॉन्सन अँड जॉन्सनशी संबंधित कार्लाइल हार्मन यांनी, पाण्यात न विरघळता फुगणारे बहुवारिक, म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ असलेले द्रव्य, डायपरमध्ये घालण्याच्या कल्पनेवर स्वतंत्रपणे पेटंटचे अर्ज केले होते. तथापि त्या काळी हे द्रव्य महाग होते, आणि ही कल्पना बाजारात येण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली.

आज वापरात असलेले द्रव्य म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. दिसायला ते साखरेच्या बारीक दाण्यांसारखे असते. त्याच्या रेणुमाळेवर ठायी ठायी ऋण विद्युत्भाराचे गट आणि त्यांच्याजवळ सोडियमचे धन आयन असतात. पाणी आत शिरले की सोडियम आयन सैल होतात, ऋण गट एकमेकांना दूर ढकलतात, गुंडाळलेली माळ उलगडते आणि परासरणाच्या ओढीने, म्हणजे क्षार अधिक असलेल्या बाजूकडे पाणी जाण्याच्या प्रवृत्तीने, आणखी पाणी आत येते. माळा अधूनमधून एकमेकींना रासायनिक गाठींनी बांधलेल्या असल्यामुळे दाणा विरघळत नाही, तर पारदर्शक जेलीचा गोळा होतो. शुद्ध पाण्यात तो वजनाच्या कित्येक शेकडो पट फुगतो. मूत्रात मात्र आधीच क्षार असल्याने ही ओढ मंदावते आणि हे प्रमाण सुमारे ३० ते ५० पटींवर येते. तरीही कापसाशी असलेला मूलभूत फरक कायम राहतो, कारण येथे पाणी पोकळीत साचलेले नसून रेणूंच्या जाळ्यात अडकलेले असते आणि बाळाच्या वजनाखालीही ते सहसा सुटत नाही.

हे दाणे डायपरमध्ये मोठ्या प्रमाणावर घालण्याचे धाडस प्रथम जपानमध्ये झाले. लहान घरे आणि साठवणीची तोकडी जागा यांमुळे तेथे पातळ डायपरला विशेष मोल होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी युनिचार्म आणि काओ या जपानी कंपन्यांनी असे डायपर आणले, तेव्हा जाड डायपर विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलची तेथील बाजारपेठ वेगाने हातची गेली. त्या कंपनीने अमेरिकेत असा डायपर १९८६ मध्ये आणला.

दाणे नुसते ओतून भागत नव्हते. वरच्या थरातले दाणे आधी फुगले की त्यांच्या जेलीने वाटच बुजते आणि खालचे दाणे कोरडे राहून ओल कडेने बाहेर पडते. म्हणून दाण्याच्या पृष्ठभागावर गाठी अधिक दाट बांधून त्याची साल टणक करण्यात आली, आणि कातडीलगतचे अस्तर व गाभा यांच्यामध्ये एक फुसफुशीत थर घालण्यात आला, ज्याचे काम आलेला लोंढा क्षणभर थोपवून लांबवर पसरवणे एवढेच असते. पाठीमागच्या पापुद्र्यात चुनखडीची बारीक पूड मिसळून तो ताणला, की कणांभोवती सूक्ष्म छिद्रे पडतात; त्यांतून वाफ जाते, पण थेंब जात नाही, आणि अशा रीतीने डॅलसमध्ये उभा राहिलेला प्रश्न काही दशकांनी बराचसा सुटला. डायपरची परीक्षा घेताना प्रयोगशाळेत त्यावर ०.९ टक्के मिठाचे पाणी ठरावीक मापाने ओततात, काही वेळाने गाळणकागद ठेवून त्यावर वजन मांडतात आणि कागदाने किती ओल उचलली ते तोलतात. बाळाला काय जाणवते हे त्याला सांगता येत नसल्याने त्या कागदाची साक्ष मोलाची मानली जाते.

कातडीविषयीचे ज्ञानही दरम्यान बदलले होते. लंगोटाच्या जागी उठणाऱ्या पुरळाचा दोष १९२१ पासून मुख्यतः जंतूंनी मूत्रातून निर्माण केलेल्या अमोनियावर ठेवला जात असे. १९८० च्या दशकातील संशोधनाने दाखवले की ओलीने मऊ पडलेल्या कातडीला विष्ठेतील विकरे, म्हणजे प्रथिने व स्निग्धांश तोडणारी द्रव्ये, अधिक इजा करतात, आणि मूत्रामुळे आम्लता घटली की ती विकरे जास्त जोमाने काम करतात. मूत्र आत बांधून ठेवणारा गाभा त्यामुळे दुहेरी उपयोगाचा ठरतो. मात्र विष्ठा तो शोषत नाही, आणि कितीही भारी डायपर असला तरी तो वेळेवर बदलण्याला पर्याय नाही, हे जाहिरातींनी क्वचितच ठळकपणे सांगितले आहे.

भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यास किंबर्ली-क्लार्क आणि हिंदुस्थान लिव्हर यांची भागीदारी झाली, तिचा कारखाना पुण्याजवळ निघाला, आणि पॅम्पर्स २००६ मध्ये आले. येथे कापडी लंगोट मोडीत निघाला नाही. पुष्कळ घरांत डायपर प्रवासाला, रात्रीला आणि पाहुण्यांकडे जाताना, तर एरवी घरचे लंगोट, अशी विभागणी झाली. पण वापरलेला डायपर पातळ निघाला तरी भरल्यावर जडच असतो, आणि प्लास्टिक, लगदा व जेली गोंदाने इतकी घट्ट जोडलेली असतात की ती वेगळी करणे खर्चाचे होते. जपानमधील शिबुशी येथे युनिचार्मने ओझोनने निर्जंतुक केलेला लगदा पुन्हा वापरात आणण्याचे काम चालवले आहे. पुण्यात हा भार कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक स्त्रियांच्या हातांवर पडला. घरोघरचा कचरा हाताने निवडताना उघडा डायपर समोर येऊ नये, तो वेगळा गुंडाळून त्यावर लाल ठिपक्याची खूण असावी, अशी त्यांची मागणी होती. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डायपर व सॅनिटरी नॅपकिनच्या उत्पादकांवर प्रत्येक पाकिटासोबत विल्हेवाटीसाठी पिशवी वा वेष्टन देण्याची, आणि घरांवर तो कचरा गुंडाळूनच सुपूर्द करण्याची जबाबदारी टाकली.