चांद्याचे तट आणि चांद्याचे पाणी

वाळवंटातील जुन्या नगरांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. इराणातील यझ्द हे त्यांपैकी एक नामांकित नगर. डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारी कालव्यांनी मैलोगणती आणून त्यावर ते वसले आणि २०१७ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली. अशी वर्णने वाचताना आपल्याकडील एका शहराचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. चांदा, म्हणजे १९६४ पासूनचे चंद्रपूर, हे काही वाळवंट नव्हे. भोवती अरण्य आहे आणि पावसाळ्यात पाऊसही भरपूर पडतो. परंतु तो तीन-चार महिन्यांत कोसळून नद्यांच्या वाटेने निघून जातो, आणि वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला म्हणजे साठवलेले पाणी हाच काय तो आधार उरतो. ज्यांनी हे शहर वसविले, त्या गोंड राजांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

शहराच्या स्थापनेची कथा सर्वश्रुत आहे. खांडक्या बल्लाळशहास झरपटीच्या काठच्या कुंडातील पाण्याने व्याधीपासून आराम पडला, तेथे अचलेश्वराचे देऊळ झाले, आणि पुढे कुत्र्याच्या मागे धावणाऱ्या सशाच्या वाटेवर तटाचा पाया आखला गेला. ससा आपण सोडून देऊ. पण कथेचा आरंभ पाण्यापासून व्हावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. राजधानी बल्लारपुराहून येथे आली. तट पुरा व्हावयास अनेक पिढ्या लागल्या. त्याचा घेर कित्येक मैलांचा असून त्याला चार वेशी व पाच खिडक्या आहेत. या घेराच्या आत सगळीकडे घरेच होती असे मात्र नाही. शेते, बागा, मोकळी जमीन आणि रामाळा तलाव हे सर्व तटाच्या पोटातच होते. रामाळ्याचे पाणी नळांनी वस्तीत खेळविले होते. इरई आणि झरपट फुगल्या म्हणजे हाच तट बांधाचेही काम करी. शत्रू आणि पूर या दोहोंना एकाच भिंतीने अडविण्याची ही युक्ती ज्याने योजिली, त्याला नगररचनाकार म्हणावयास हरकत नसावी.

पण माझ्या मते गोंडांची खरी दूरदृष्टी तटात नव्हती. ती त्यांच्या सनदांत होती. जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळावी, असा दंडक राजांनी घातला. या वहिवाटीस तुकूम म्हणत. सावली, मूल, सिंदेवाही या धानाच्या मुलुखात जी तळी आणि बोड्या गावोगाव दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. सावली चंद्रपुराहून पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर. नाव सावली, आणि उन्हाळा असा की सावली शोधावी! १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले, म्हणून बाहेरच्या वाचकांस हे नाव ऐकून माहीत असेल. आम्हांस ते तळ्यांमुळे अधिक जवळचे वाटते. १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांनंतर सरकारने या भागात मोठे जलाशय बांधावयास घेतले. याच तालुक्यातील आसोला मेंढा हा त्यांपैकी एक. परंतु त्याच्या कितीतरी आधी, इंजिनिअर नावाचा अधिकारी येथे येण्यापूर्वी, कोहळी व इतर शेतकऱ्यांनी उतार पाहून पाळी घातल्या होत्या आणि वरच्या तळ्याचे सांडपाणी खालच्या तळ्यात जाईल अशा मालिका जुळविल्या होत्या.

चांद्याचा जमाबंदी अहवाल लिहिणाऱ्या मेजर ल्यूसी स्मिथने १८६९ मध्ये गोंड राजवटीविषयी जो अभिप्राय दिला, तो परक्या अंमलदाराच्या लेखणीतून आल्यामुळे विशेष वजनाचा वाटतो. या राजांनी उत्तम बांधकामांनी नटलेले असे राज्य मागे ठेवले की त्याची भरभराट नंतरच्या काळास गाठता आली नाही, असा त्याचा आशय आहे. १७५१ साली राज्य भोसल्यांकडे गेले, १८१८ साली इंग्रजी तोफांनी तट फोडला, आणि १८५४ पासून मुलूख थेट इंग्रजांकडे आला. तरीही तळी टिकली. कारण मालगुजारास त्यांच्यापासून उत्पन्न होते. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. ती जावयास हवीच होती, याबद्दल दुमत नाही. परंतु पूर्व विदर्भातील साडेसहा हजारांहून अधिक तळी सरकारजमा झाली, आणि गाळ कोणी काढावयाचा हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. वापराचा हक्क गावाकडे राहिला आणि राखण्याची जबाबदारी कचेरीत गेली. यझ्दसारख्या ठिकाणी पाण्याचा वाटा घेणाराच भुयार साफ करण्याचा खर्चही सोसत आला; आपल्याकडे ती गाठच सुटली.

शहरात हेच अधिक ठळकपणे घडले. कोळसा आणि वीज यांनी चंद्रपूर वाढले. वीज केंद्रासाठी इरईवर धरण झाले आणि शहराची तहानही त्याच धरणाच्या गळ्यात पडली. २०१० च्या उन्हाळ्यात त्यातील पाणी इतके उतरले की केंद्राचे काही संच बंद ठेवावे लागले. उलट जुलै २०२२ मध्ये पुराने सखल वस्त्यांत हाहाकार उडविला. दोन्ही संकटांचे मूळ एकच: पाणी थांबण्याच्या जागा आपण बुजविल्या आणि पाणी पसरण्याच्या जागांवर घरे उठविली. रामाळ्यात सांडपाणी आणि जलपर्णी माजली. २०१७ पासून शहरातील तरुणांनी तटावरील झाडोरा आपल्या हातांनी काढला आणि २०२१ मध्ये रामाळ्यासाठी उपोषण केले, तेव्हा कोठे तलावातील गाळ उपसण्यास हात लागला. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण उपोषणावाचून तलाव साफ होऊ नये, ही नगरव्यवस्थेची शोभा नव्हे.

तटास पुराणवस्तू म्हणून संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. मात्र तट राखला आणि त्याच्या पोटातले पाणी व मोकळी जमीन गमावली, तर वारसा म्हणून आपण टरफल तेवढे जपले असे होईल. शहराचा आराखडा आखताना रस्त्यांच्या आधी तळी, नाले आणि पुराची रेषा नकाशावर यावयास हवीत. आणि ज्या वस्तीला तळ्याचा गारवा व विहिरींचा पाझर मिळतो, तिच्याकडे त्या तळ्याचा काही अधिकार आणि काही भारही असावयास हवा. ही कल्पना विलायती नव्हे. चंद्रपुरातच, ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तुकूम नावाची दाट वस्ती आहे. हजारो माणसे आपल्या पत्त्यात हा शब्द रोज लिहितात.