वारूळ, देवराई आणि अळंबी

राजगुरुनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या खेडच्या पश्चिमेला, भीमेच्या उगमाकडे चढत जाणाऱ्या डोंगरपट्ट्यात वारुळालगत उगवणाऱ्या अळंबीला रानभाज्यांइतकाच मान आहे. या अळंबीची ‘टर्मिटोमायसिस’ ही प्रजाती रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने 1942 मध्ये प्रस्थापित केली. वाळवी पालापाचोळा व लाकूड कुरतडून जमिनीखाली सच्छिद्र मळा रचते, त्यावर हे कवक वाढते, आणि वाळवीला न पचणारे काष्ठद्रव्य ते पचवून देत असल्याने दोघांचे जगणे एकमेकांवर अवलंबून राहते.

सह्याद्रीतल्या या अळंबीच्या दोन जातींची राहणी मात्र वेगळी आहे. ‘हाइमी’ या जातीचा कोंब खोलवरच्या मळ्यातूनच निघतो, मुळासारख्या लांब देठाने माती भेदतो आणि वर येऊन मोठी छत्री उघडतो. उलट ‘मायक्रोकार्पस’च्या बाबतीत पावसात वाळवीच मळ्याचे तुकडे बाहेर आणून पसरते व त्यांवर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्यांचा सडा पडतो. म्हणून पहिलीला वर्षानुवर्षे अभंग राहिलेले वारूळ हवे, तर दुसरीला त्याबरोबरच ऐन पावसात न उकरलेला मातीचा वरचा थरही हवा.

नागपंचमीला वारूळ पुजावे, त्या दिवशी नांगर धरू नये, जमीन खणू नये, हा रिवाज नागासाठी होता. देवराईत कोयता चालवू नये, हा देवासाठी. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तो प्रामुख्याने वृक्षवेलींच्या अंगाने. पण जिथे माती अभंग राहिली तिथे वारुळेही राहिली, हे या प्रथांचे मोठेच देणे मानावे लागेल.

कायदा इतका खोल गेला नाही. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये झाले, ते शेकरूसाठी. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 साली सहा वनस्पतींची अनुसूची जोडली गेली, तीत कवक एकही नव्हते. ब्रिटनमध्ये, छत्रीऐवजी लोंबत्या दातांचा झुबका धरणारे ‘हेरिशियम एरिनेशियस’ हे जुन्या झाडांवरचे कवक तोडणे 1998 पासून गुन्हा आहे; तिथे निदान कवकाचे नाव तरी कायद्यात आले.

खेड तालुक्याच्या पूर्व अंगाला चाकणच्या कारखानदारीने जमिनी सपाट केल्या, आणि सपाटीकरणात वारूळ पहिल्याच फटक्यात जाते. लागवड करू म्हटले, तर धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर पिकवता येते. वारुळाची ही अळंबी मात्र वाळवीवाचून शेतकऱ्याच्या शेडमध्ये उगवत नाही.