बोंडले, नळीची बाटली आणि उसाची कोपी

भीमा आणि घोड नद्यांच्या पाण्यावर पोसलेला ऊस तोडण्यासाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत उतरतात. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. अशा कोपीत तान्ह्या बाळाची दुधाची बाटली धुणे म्हणजे लांबून आणलेले पाणी, वेचून आणलेले सरपण आणि पहाटेच फडावर जाण्याची घाई. बाटली धुण्याच्या नव्या साधनांच्या जाहिराती पाहताना ही कोपी डोळ्यांसमोर ठेवावी, म्हणजे या छोट्या वस्तूचा इतिहास नीट कळतो.

बाटलीच्या आधी आपल्याकडे बोंडले होते : छोट्या तोटीचे, चांदीचे किंवा पितळेचे, वरून उघडे. ‘आम्ही काही बोंडल्याने दूध पीत नाही’ हा वाक्प्रचार अजून जिवंत आहे. भांडे मात्र बहुतेक घरांतून गेले. त्याचा मोठा गुण असा की त्यात बोट पोहोचते. तोटी अरुंद, पण आखूड. राखेने घासले, उकळत्या पाण्याने धुतले की काम झाले.

युरोप-अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी रबरी निपलचे पेटंट घेतले. पुढे काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी जोडण्याची पद्धत आली. बाळ पडल्या पडल्या स्वतःच दूध ओढी, आईचे हात मोकळे राहत. सोय खरोखरच मोठी होती. पण त्या नळीत ब्रश शिरत नसे. आत दूध नासे, त्यावर जंतू पोसले जात आणि पुढचे ताजे दूध त्यातूनच बाळाच्या पोटात जाई. त्यात मिसेस बीटन यांच्या घरसंसारावरील गाजलेल्या ग्रंथात (१८६१) सल्ला असा, की एकदा नीट बसवलेले बोंड पंधरा दिवस तरी बदलावे लागू नये! या बाटल्यांना पुढे ‘खुनी बाटली’ असे नाव पडले. डॉक्टरांनी विरोध केला, तरी स्वस्त म्हणून त्या विकल्या जातच राहिल्या. फ्रान्सने नळीच्या बाटलीवर बंदी घातली ती १९१० मध्ये.

उत्तर औषधाने दिले नाही, आकाराने दिले. लंडनच्या ॲलन अँड हॅनबरीज कंपनीची ‘ॲलनबरीज’ बाटली होडीसारखी आणि दोन्ही टोकांना उघडी होती. नळाखाली धरली की पाणी आरपार जाई, ब्रशही आरपार फिरे. आजच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांमागे हीच कल्पना आहे. उकळण्याआधी घासणे का आवश्यक, हेही यातून उमगते. दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने आतून पातळ थर धरतात व त्याखाली जंतूंना आडोसा मिळतो. म्हणून दूध पाजताच बाटली खळखळून विसळणे, साबणाने निपल व झाकणासकट घासणे, आणि मग उकळणे, हा क्रम.

पण आकार सुधारला तरी पाणी कोठून येणार? १९७४ मध्ये ब्रिटनच्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली, तिचा रोख याच प्रश्नावर होता : अशुद्ध पाणी, जास्त पाणी घालून पुरवलेली पावडर, न धुतलेली बाटली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विक्रीविषयक आचारसंहिता स्वीकारली. भारताने १९९२ मध्ये कायदाच केला. बाळांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची आणि बाटल्यांची जाहिरात त्याने निषिद्ध केली, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला.

याच दशकांत शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण देत होत्या. (संभाजी महाराजांच्या समाधीमुळे इतिहासप्रेमींना हे गाव अन्यथाही ठाऊक आहे.) त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आईचे दूध शक्य नसेल तेव्हा आज भारतातील बालरोगतज्ज्ञ बाटलीऐवजी वाटी-चमचा सुचवतात. निपल नाही, नळी नाही, उघडे तोंड. कोपीतल्या चुलीवर भांडेभर पाण्यात दोन्ही उकळता येतात. बोंडल्याला जी गोष्ट जमत होती, तीच ही वाटी करते, आणि तीही तोटीशिवाय.